निनावी, चार मिनिटं अकरा सेकंद

शब्द नकोत, असं पहिल्यापासून ठरलं होतं.
गाणारं कुणी नको, किंचाळणारंही नको.
नुसते आवाज, आणि त्यांच्या तळाशी
हार्मोनियमचा फाटका भाता, एकच सूर दाबून धरलेला,
कुणीतरी झोपेत श्वास घेतंय असा.

सर्जेकोटला, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
मी मुक्काम टाकला. वीज जेटीवरून ओढली,
भिंतींना गोधड्या लटकवल्या,
आणि मार्गशीर्षातल्या अवसेपर्यंत
भीती बनवत बसलो.

भीती बनवणं सोपं असतं.
झावळीचे वाळके देठ गुडघ्यावर मोडले: झाली हाडं.
ओल्या पोत्यावर नारळ पाडला: मुंडकं.
टोपात कुर्ली सोडून झाकण ठेवलं, वेग निम्म्यावर आणला,
की आतून कुणी नखांनी दार खरवडतंय.
रापणीचा दोर खांबाभोवती पिळला.
तो आवाज मी सगळ्यांत जपून ठेवला,
फांदीवरून काय लोंबतंय
हे सांगायला तो एकटा पुरेसा होता.

घुबड काही मिळालं नाही.
तीन रात्री केवड्याच्या बनात माइक धरून बसलो,
मिळाला तो पहाटेचा लिलाव,
बांगडा, टोपली, नऊशे, साडेनऊशे.
घुबड शेवटी बाटलीत फुंकून केलं.

मथुरा कोयंडे जेवणाचा डबा आणायची.
एकदा म्हणाली, "काय करतंस तां आयकव तरी."
हेडफोन तिच्या अंबाड्यावर नीट बसेनात.
एका हातानं ते धरून, दुसरा डब्यावर ठेवून
ऐकू लागली.

पहिलाच तुकडा, आणि हसली.
"ही माझी कुर्ली मां? तरी म्हटलंय टोप खंय गेलो."
हाडं मोडली तेव्हा म्हणाली, "चूल पेटवतंस?"
दोर तर तिनं लगेच ओळखला,
"सुको हा. तेल लाव तेका."
मुंडक्याचं मात्र वाईट वाटलं तिला,
नारळ फुकट गेला म्हणून.
"ह्येका कोण भियातलो?"

मी पुढचं लावायला वाकलो.
चौथा संपून पाचवा सुरू व्हायच्या आत
एक रिकामा पट्टा राहून गेला होता, कापायचा.
एका रात्री जेटीवर माइक चालू ठेवून
मी लघवीला गेलो होतो, तेव्हाचा.
त्यात काही नाही. पाणी खांबांना लागतं,
मागे सरतं. लांबवर कुत्रं, तेही एकदाच.
वारा नाही.

तिचा डब्यावरचा हात वर झाला,
गप्प, असा.
मी गप्पच होतो.
मग बराच वेळ ती मान किंचित तिरकी करून,
डावा कान खाडीच्या तोंडाकडे.
हेडफोनला दिशा नसते,
हे तिला कुणी सांगायचं.

"हयसर इंजान नाय," ती म्हणाली.
आणि मग, "त्या दिसा सात इंजनां इली. मी आवाजान मोजलंय.
दोन सिलिंडरचां आमचां, लांबसून खोकतां."
वाक्य तिथेच ठेवून
तिनं हेडफोन काढले, डबा उघडून माझ्यापुढे सारला,
सोलकढी सांडली नाही ना बघितलं,
आणि गेली.
टोप तेवढा बरोबर घेऊन.

मी तो पट्टा कापला नाही.
पाचव्याच्या जागी तसाच ठेवला, नाव न देता.
भाता तेवढा काढून टाकला त्याच्याखालचा.

पुण्याहून मास्टरिंगवाल्याचा फोन आला:
पाच नंबरची फाइल खराब आलीय बहुतेक,
काहीच येत नाही, परत पाठव.
मी म्हटलं, आवाज वाढवून बघ.
वाढवलाय, म्हणाला. फुल आहे.
मग दोघंही फोन धरून राहिलो.
त्याच्या बाजूनं
पाणी ऐकू येत होतं.